दोन्ही टोकं भिंतीत

शुक्रवारी सकाळी साडेनऊला विद्यापीठाचं नेट अगदी सुरळीत चाललं होतं, आणि नेमकं तेच जयवंती महेंद्रकरला नको होतं.

विद्यार्थिनी वसतिगृहाच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर एक लाकडी कपाट आहे. त्याची दारं उघडी टाकून ती समोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. कपाटात चोवीस भोकांची एक पेटी. प्रत्येक भोकातून एक केबल निघून भिंतीतून कुठल्या ना कुठल्या खोलीपर्यंत जाते. भोकावरचा हिरवा दिवा लुकलुकला की त्या खोलीत कुणी काहीतरी वाचतंय, पाठवतंय. दिवे आपापल्या लयीत लुकलुकत होते. एक थांबला तर दुसरा सुरू. श्रावणातल्या सकाळी अंगणात पाखरं दाणे टिपतात, तसं काहीसं. जयवंती ते बघत होती आणि नेट पडण्याची वाट पाहत होती.

दुपारी तीन वाजता बैठक होती. विद्यार्थ्यांच्या संगणक-मदतीचं आणि सगळ्या आवारातल्या नेटवर्कचं काम आहे त्या दोन माणसांकडे ठेवायचं की बाहेरच्या एजन्सीला द्यायचं, हे तिथं ठरणार होतं. दोन माणसं म्हणजे जयवंती आणि निनाद. निनाद बत्तीस वर्षांचा होता, पदवीधर इंजिनियर. बायकोच्या नोकरीमागे दोन वर्षांपूर्वी सांगलीहून म्हैसूरला आलेला. त्याला दुसरीकडे काम मिळालं असतं. जयवंती सत्तेचाळीस वर्षांची होती आणि एकोणीस वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर इथंच होती. हे गेलं की तिच्याजवळ दाखवायला कागद असा नव्हताच.

ती म्हैसूरच्याच अग्रहार पेठेतली. घरात तीन पिढ्या शिंपीकाम, देव्हाऱ्यात विठ्ठल, बोलण्यात मराठीच्या जोडीला सहज मिसळलेली कन्नड. वडील गणपतराव शाळांचे गणवेश शिवायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, की गिऱ्हाईक तोंडाने सांगतं ते माप नसतं. चाळीस वर्षांच्या जुन्या गिऱ्हाइकालाही ते टेप लावल्याशिवाय सोडत नसत. जयवंती संगणक केंद्रात नोंदी टाइप करायला म्हणून लागली आणि बाहेरून येणाऱ्या इंजिनियरांच्या मागे शिडी धरून उभी राहता राहता सगळं शिकली. पण सवय घरचीच राहिली. ‘मॅडम, नेट नाही,’ असा फोन आला की ती फोनवर काही सांगत नसे. उठून जायची, बघायची. दहांपैकी सहा वेळा नेट असायचंच. पासवर्ड चुकलेला असायचा, नाहीतर केबल निघालेली असायची, नाहीतर मुलगी नुसती घाबरलेली असायची.

सात माणसं होती तोवर हे चाललं. मग दोघं निवृत्त झाले, तिघांची दुसऱ्या विभागांत बदली झाली, जागा भरल्या गेल्या नाहीत. नऊ इमारती, दिवसाला साठ तक्रारी, दोन माणसं. निनादने एक योजना मांडली. तक्रार फोनवर घ्यायची नाही, फॉर्मवर घ्यायची. प्रत्येक खोलीत एक पोस्टर लावायचं, त्यावर पाच साध्या सूचना. विद्यार्थ्याने आधी त्या पाच गोष्टी स्वतः करून बघायच्या, तरीही जमलं नाही तर फॉर्म भरायचा. उपकुलसचिव कृष्णमूर्ती सरांना ती आवडली. “एक सत्र बघू,” ते म्हणाले. “नाहीतर एजन्सीची फाइल माझ्या टेबलावर आहेच.”

पोस्टरचा इंग्रजी मजकूर निनादने केला, कन्नड जयवंतीने. तक्रारी साठावरून विसावर आल्या. जयवंतीला दुपारचा डबा बसून खाता येऊ लागला. तरी पहिले काही दिवस डबा उघडला की तिला वाटायचं, कुठल्यातरी खोलीत कुणीतरी काहीतरी चुकीचं करत बसलंय आणि मला ते दिसत नाही.

बुधवारी सकाळी नऊ वीसला सगळं आवार बंद पडलं.

एखादी इमारत पडली असती तर गोष्ट वेगळी. इथं ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, वसतिगृहं, सगळीकडे एकदम. निनादने बाहेरून येणाऱ्या लाइनवर संशय घेतला. कंपनीवाल्यांनी लाइन तपासून ठीक असल्याचं सांगितलं. एक वाजून पाच मिनिटांनी नेट आपोआप आलं. दोन दहाला पुन्हा गेलं. साडेचारला आलं. कुणी काही केलं नव्हतं, म्हणून कुणाला काही कळलंही नव्हतं. कृष्णमूर्ती सरांचा फोन तीनदा आला. तिन्ही वेळा जयवंतीने “बघतोय सर,” एवढंच सांगितलं, आणि तिसऱ्या वेळी तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

गुरुवारी पुन्हा गेलं, सव्वाअकराला. या वेळी ती मुख्य खोलीत तयार होती. नऊ इमारतींच्या नऊ लाइनी तिथं एकत्र येतात. तिने एकेक काढून बघितली. सातवी काढल्याबरोबर बाकीचं सगळं आवार पुन्हा श्वास घेऊ लागलं. सातवी म्हणजे विद्यार्थिनी वसतिगृह. तिथं निनादला आत जाता येत नाही, ती एकटीच जाऊ शकत होती. लाइन पुन्हा जोडून ठेव असं निनादला बजावून, ताप असताना तपासला तरच कळतो म्हणून, ती उन्हातून जवळजवळ पळत निघाली. तळमजल्यावरची पेटी उघडून बघेपर्यंत एक वाजला. तिथं काही सापडलं नाही. पहिल्या मजल्यावरचं कपाट तिने उघडलं तेव्हा दिवे शांत झालेले होते. मुली जेवायला परत येत होत्या, जिन्यावर चपलांचा आवाज, कुणाचं तरी हसणं. नेट आलं होतं. त्या दिवशी ते पुन्हा गेलं नाही.

“ताई, एक सोपं काम करू,” संध्याकाळी निनाद म्हणाला. “वसतिगृहाची लाइन उद्या तीनपर्यंत काढून ठेवू. बाकी आवार चालेल. बैठक होऊन जाईल. मग निवांत शोधू.”

“उद्या परीक्षा फॉर्मचा शेवटचा दिवस हाय की रे. नव्वद पोरी काय करतील?”

“मोबाइल आहेत त्यांच्याकडे.”

“त्या दगडी भिंतीत मोबाइलला एक काडी येत नाही. तू आत गेला नाहीस म्हणून तुला ठाऊक नाही.”

“मला आत घेतलं तर मी जाईन,” निनाद म्हणाला.

“कमलाक्षी मॅडम काठी घेऊन बसल्यात दारात. जा बघू.”

दोघंही हसले. बाहेर आवारातल्या गुलमोहराखाली शेंगा पडल्या होत्या, त्या झाडूवाली गोळा करत होती. “तुम्हाला काय वाटतं, ताई?” निनादने विचारलं. ती म्हणाली, “काही वाटत नाही. बघितल्याशिवाय मला काही वाटत नाही.” हे खरं नव्हतं. तिला वाटत होतं की आपण म्हातारे होत चाललोय, आणि ज्यांना या गोष्टी खरोखर कळतात असे लोक एजन्सीत असतील.

म्हणून शुक्रवारी नऊपासून ती कपाटासमोर होती. दहा वाजले. साडेदहा. सूचनाफलकासमोर उभं राहून मुली फॉर्मचे क्रमांक उतरवून घेत होत्या. वॉर्डन कमलाक्षी मॅडम फेरीवर आल्या, थांबल्या.

“तिंडी आयता, जयवंती?” नाश्ता झाला का, एवढंच त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

“आयतु मॅडम,” ती म्हणाली. झालेला नव्हता.

निनादचा फोन आला. “ताई, सगळं झकास चाललंय. या इकडे, चहा मागवतो.”

“चहा बेड, नको. आधी पडू दे.”

“लोक देव पाण्यात घालून बसतात ते नेट यावं म्हणून. तुम्ही पडावं म्हणून बसलात.”

“आज पडलं नाही तर तीनला काय सांगू? दोन दिवस ताप आला, का आला ठाऊक नाही, आता उतरलाय, आम्हाला ठेवा?”

तिने फोन ठेवला. लहानपणी आजारी भावाच्या उशाशी बसून ती त्याचा श्वास मोजायची, तेव्हाही अशीच मान आखडायची. फरक एवढाच, की तेव्हा काही होऊ नये असं वाटायचं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी दिवे बदलले.

सगळे एकदम. पाखरांचा थवा उडावा तसे नाही, त्याहून वाईट. चोवीसच्या चोवीस दिवे एका वेगाने, न थांबता, लुकलुक कळेनाशी होईल इतक्या घाईने पेटत राहिले. फोन वाजला. “पडलं,” निनाद म्हणाला. “बघतेय,” ती म्हणाली आणि फोन स्टुलावर ठेवून दिला.

पहिली केबल काढली. तीन श्वास थांबली. दिवे तसेच. परत लावली. दुसरी. तिसरी. तिच्या बोटांना घाम आला होता, तो साडीला पुसत ती पुढे जात होती. नववी, दहावी. मध्येच तिला वाटलं, चोवीस संपतील आणि काही सापडणार नाही, मग दुसऱ्या टोकाची पेटी, मग वरचा मजला, आणि तोवर एक वाजेल. सतरावी काढली आणि दिवे मंदावले. एक विझला, दुसरा उगाच लुकलुकला. तिने ती पुन्हा लावली. पुन्हा तेच वादळ. काढली. शांत. केबलवर तिच्याच अक्षरात, अकरा वर्षांपूर्वीच्या शाईत, खोलीचा आकडा होता. एकशे चौतीस.

खोलीला कुलूप होतं. कमलाक्षी मॅडमनी वहीत नोंद केली, किल्ली आणली, आणि दोघी आत गेल्या.

एवढी नीटनेटकी खोली जयवंतीने त्या वसतिगृहात पाहिली नव्हती. चादर ताणून घातलेली. दोरीवर टॉवेल, चारी कोन जुळवून. टेबलावर वह्या उंचीप्रमाणे लावलेल्या. खोलीत दोन पलंग होते, त्यातल्या एकावर गादी नव्हती. सोबतीण मंगळवारीच सोडून गेलेली. आणि टेबलाच्या वर, भिंतीत, केबलसाठीचे दोन पॉइंट शेजारीशेजारी, दोघींचा एकेक, सोबतिणीचा मंगळवारपासून मोकळा. निळी केबल एका पॉइंटमधून निघून, सुबक वेटोळं होऊन, दोऱ्याने बांधून, दुसऱ्या पॉइंटमध्ये गेली होती. दोन्ही टोकं भिंतीत.

हा दोष तिला पुस्तकातून नाही, पण ऐकून माहीत होता. पेटीतून जे निघालं ते एका पॉइंटमधून बाहेर येऊन दुसऱ्यातून परत पेटीत शिरायचं, पेटी ते नवीन समजून पुन्हा सगळीकडे पाठवायची, तेच पुन्हा फिरून यायचं. क्षणात इतकं साचायचं की बाकी कशालाच वाट उरायची नाही. नव्या पेट्या हे ओळखून ती वाट बंद करतात. या जुन्या होत्या. त्या बदलण्याचा अर्ज तीन वर्षं कुठल्यातरी फायलीत होता.

मग तिने भिंतीवर वर बघितलं. पॉइंटच्या बरोबर वर पोस्टर होतं. चौथी सूचना तिची होती, इंग्रजीत नव्हती. कन्नड लिहिताना तिने आपण होऊन घातली होती. *केबलचं एकही टोक लोंबतं ठेवू नका. दोन्ही टोकं नीट बसवा.*

ती गादी नसलेल्या पलंगावर बसली. ते वाक्य लिहायला तिला पाच सेकंदही लागले नव्हते. शिंप्याच्या घरात मुलीच्या हाताला पहिली सवय लागते ती हीच. सुटलेलं टोक दिसलं की ते आत घ्यायचं, त्याशिवाय कापड खाली ठेवायचं नाही. तिला म्हणायचं होतं, एक टोक लॅपटॉपमध्ये, एक भिंतीत. पण लॅपटॉप वर्गात नेल्यावर भिंतीतून आलेल्या केबलचं एक टोक लोंबतं राहणारच, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. या मुलीच्या मनात आलं. तिने रोज वर्गाला जाताना तेही बसवलं, सांगितलं होतं तसंच.

“वर्षिणी नाव,” कमलाक्षी मॅडम म्हणाल्या. “हासनकडची. पहिलं वर्ष. इतकी शिस्तीची मुलगी, हिने असं करावं? लिहून घे. मी नोटीस काढते.”

“थांबा मॅडम, स्वल्प थांबा,” जयवंती म्हणाली. थोडा वेळ द्या, एवढंच तिला म्हणता आलं.

वर्षिणी एक वाजता आली, बारीक अंगाची, पाठीवर लॅपटॉपची बॅग. दारात वॉर्डन आणि जयवंती बघून तिचा चेहरा उतरला. जयवंतीने केबलकडे बोट केलं आणि कन्नडमध्ये विचारलं, “पुट्टी, पोरी, हे रोज करतेस का गं?”

“हो मॅडम. वर्ग लवकर असला की नऊला, नाहीतर अकराला निघताना. काल दुपारी पोटात दुखत होतं म्हणून गेले नाही.” मग जरा धीर करून म्हणाली, “दोरा मी बांधला. तो बांधायचा नव्हता का?”

“दोरा चांगला बांधलायस,” जयवंती म्हणाली.

दीड वाजता संगणक केंद्रात निनादने तक्रारीचा फॉर्म उघडला. बैठकीसाठी तो भरून छापून न्यायचा होता. कारणाच्या चौकटीत चार पर्याय होते, त्यानेच ठेवलेले. उपकरणाचा बिघाड. बाहेरची लाइन. विद्यार्थ्याची चूक. इतर.

“तिसरा टाकू,” तो म्हणाला. “खोटं नाहीये ते. केबल तिनेच लावली.”

“तिला नोटीस जाईल.”

“मग पहिला टाकू. पेट्या जुन्या आहेत, हेही खरंच आहे. ताई, ऐका, या दोन्हींपैकी कुठलंही खरं चालेल. फक्त पोस्टरचं नका लिहू. योजनेचा कणाच पोस्टर आहे. ते चुकलं म्हटलं की सगळं चुकलं.”

“पोस्टर नाही चुकलं. माझी ओळ चुकली.”

“त्यांना तेच ऐकू येणार.”

“येऊ दे.” ती त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. पाय दुखत होते, नाश्ताही नव्हता. तिला भीती वाटत होती, आणि ती काही थोरवी करत नव्हती. बैठकीत कुणी पोस्टर वाचलं तर आपण काय तोंड दाखवणार, हाही हिशेब त्यात होता. पण त्याहून जास्त डोळ्यांसमोर होती ती चारी कोन जुळवलेली टॉवेलची घडी. “चौथं टाक. इतर. आणि पुढे लिही, मी सांगते तसं.”

“तुमच्या मराठीत लिहू की माझ्या?”

“कन्नडमध्ये लिही. त्यांना वाचता आलं पाहिजे.”

“मग तुम्हीच लिहा,” म्हणून तो उठला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

बैठकीत पाच जण होते. कृष्णमूर्ती सरांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, टेबलावर ठेवला.

“ही ओळ तुम्ही लिहिली?”

“हौदु सर, मीच.”

“लावण्याआधी कुणी तपासली नाही?”

“आम्ही दोघं आहोत सर. मी लिहीत होते तेव्हा निनाद शिडीवर होता.”

कुणीतरी हसलं, मग खोकलं. कृष्णमूर्ती सर हसले नाहीत. ते चष्म्याच्या काचा पुसू लागले, आणि तेवढ्या वेळात जयवंतीने मनात घरी आईला, भवानीबाईंना, काय सांगायचं त्याची दोन-तीन वाक्यं जुळवून पाहिली. एकही धड जुळलं नाही.

“अकरा महिने मी देऊ शकत नाही,” शेवटी सर म्हणाले. “तीन दिवस आवार पुन्हापुन्हा बंद पडलं. तीन महिने देतो. पेट्यांचा अर्ज मी स्वतः पुढे पाठवतो. ते पोस्टर उद्या संध्याकाळपर्यंत एकाही भिंतीवर दिसता कामा नये. त्यानंतर पुन्हा असं झालं तर एजन्सीची फाइल मला उघडावी लागेल. मुलीला नोटीस नको.”

बाहेर आल्यावर निनाद काहीतरी चांगलं बोलायला बघत होता. “तीन महिने म्हणजे,” तो म्हणाला आणि थांबला. तीन महिने म्हणजे डिसेंबर. दोघांनाही ते मोजता येत होतं.

नवं पोस्टर तिने शनिवारी केलं. त्यात चारच ओळी होत्या आणि एक चित्र. छापायला पाठवायच्या आधी ती एकशे चौतीसमध्ये गेली. वर्षिणी उभी राहिली, अजून घाबरलेलीच.

“बस. मी काही बोलणार नाही. तू हे वाच आणि लिहिलंय तसं कर. मला विचारू नकोस. चुकलं तरी थांबू नकोस.”

जयवंती दाराजवळ गेली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली. मुलीने कागद हातात घेतला. पहिली ओळ वाचली, लॅपटॉप उघडला. दुसरी वाचली, केबल लावली. तिसऱ्या ओळीला तिचं बोट थांबलं. ती ओळ तिने पुन्हा वाचली, ओठ हलवत. मग हात भिंतीकडे गेला, मध्येच थबकला, टेबलाखाली गेला. जयवंतीला पुढे होऊन ते बोट धरून योग्य जागी ठेवावंसं वाटलं. ती हलली नाही. मुलीने मान वर करून तिच्याकडे बघितलं, विचारू की नको अशा नजरेने, आणि जयवंतीने पर्समधून पेन काढून तिसऱ्या ओळीवर आडवी रेघ मारली.

“आता सांग,” ती म्हणाली, “तुला काय समजलं होतं?”